स्वयम् उपग्रहाचं वर्ष राहिलंच की
काही जण म्हणतात की कॉलेजचं वर्ष कसं गेलं हे वाढलेल्या जागा आणि प्लेसमेंटच्या आकड्यांवरून ठरवावं. आकडे हवेतच, घरच्यांना त्याच आकड्यांचा आधार असतो. पण पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं २०१६ साल त्यात कुठे बसवायचं? २२ जूनला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटने २० उपग्रह नेले, त्यात मुलांनी बनवलेला 'स्वयम्' होता. वजन जेमतेम एक किलो. दिशा राखायला मोटर वगैरे काही नाही, आतलं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतं, एवढ्यावर भागवलेलं. काम हौशी रेडिओवाल्यांचे निरोप पोचवण्याचं. कित्येक वर्षं चाललेला प्रकल्प, म्हणजे सुरुवात करणारी मुलं केव्हाच नोकरीला लागलेली, आणि तरी प्रत्येक तुकडीने पुढचीला काम नीट समजावून दिलं. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

रेगाटाचं, म्हणजे कॉलेजच्या नदीवरच्या बोटींच्या कार्यक्रमाचंही तेच. कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासूनचा. मी तिथला विद्यार्थी नाही, पण एका मार्चमध्ये शेजारच्या मुलीने आग्रहाने नेलं. संध्याकाळी अंधार पडल्यावर मुळा नदीच्या पात्रात मशाली घेतलेली मुलं होड्यांवरून एका लयीत पुढे आली आणि काठावरची गर्दी एकदम शांत झाली. त्यासाठी ती मुलं महिनाभर पहाटे पाण्यात उतरत होती, जलपर्णी आणि वास सोसून. वार्षिक अहवालात याला फार तर एक ओळ मिळत असेल. माझ्या मते पान द्यायला हवं.