जांभळाच्या बियांची पावडर, मेथ्या वगैरेंनी शुगर खरंच उतरते का, तपासायचं कसं?

चिंतातुर_जंतू:
बाबांना टाइप टू डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. आता कुणीतरी जांभळाच्या बियांची पावडर दिलीय, ती रोज अनशापोटी घेतात, भिजवलेल्या मेथ्याही चालूच, आणि फास्टिंग १४२ ची १२८ आली म्हणून स्वारी खूष, आता गोळ्या बंद म्हणतायत. मला वाद नाही घालायचाय पण हे पावडरीमुळेच झालं का ते कळणार कसं?

कोरा_कागद:
गोळ्या बंद करू देऊ नका, बाकीचं नंतर. १४२ चे १२८ म्हणजे काहीच नाही हो, ग्लुकोमीटरच्या स्टँडर्डमध्येच १५ टक्के इकडेतिकडे चालतं, त्यात बोटाला काही गोड लागलेलं असलं तर आकडा आणखी भलताच. एचबीएवनसी ही रक्ततपासणी बघा, लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय ते तिच्यात कळतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून त्यात दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. आणि तोवर बाकी काही बदलायचं नाही, नाहीतर होतं काय की माणूस पावडर सुरू करतो तेव्हाच चालायलाही लागतो, गोड पण कमी करतो, आणि श्रेय सगळं पावडरीला

रानवाटा:
पण झाडपाल्याला सरसकट नावं ठेवू नका, डायबेटिसच्या मेटफॉर्मिन गोळीचं मूळ पण गॅलेगा नावाच्या झाडातच आहे!

कोरा_कागद:
हो ना, पण गॅलेगातला गॅलेजिन विषारी निघाला, मग त्याच्या जवळचा सुरक्षित रेणू शोधला आणि १९५७ मध्ये ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी तो पेशंटवर वापरल्याचं छापून आलं. म्हणजे झाड नुसतं सुरुवातीला, पुढे डोस ठरवणं, तुलना करणं हे सगळं आलंच. पावडरीत दर डब्याला ताकद वेगळी. मेथीचं कारण तरी समजतं, तिच्यातल्या विरघळणाऱ्या फायबरमुळे साखर रक्तात हळू जाते. कारलं आणि दालचिनीवरचे अभ्यास कॉक्रेनने (उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था) एकत्र तपासले, दोन्हीकडे उत्तर एकच, पुरावा पुरेसा नाही. आणि तुलनेसाठी औषध नसलेली, पण तशाच कडू चवीची नकली पुडी बनवणंही सोपं नाही, पेशंटला लगेच कळतं खरी कुठली.

सुईदोरा:
अजून एक, अशा काही पावडरींमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगर उतरवणारी ॲलोपॅथीचीच गोळी कुटून घातलेली सापडलीय. चार दिवसांत शुगर धाडकन उतरली तर पेढे वाटू नका, संशय घ्या. बाबांच्या स्ट्रिपवर मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड लिहिलंय का बघा बरं

चिंतातुर_जंतू:
बघितलं, बारीक अक्षरात आहे की! त्याने काय होतं?

सुईदोरा:
नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार खाली जात नाही, ग्लिमेपिराइडने जाऊ शकते, वर पावडरीत खरंच दम असला तर आणखीच. घाम, हाताला कापरं, एकदम भूक असं झालं की लगेच मोजा, ७० च्या खाली असेल तर साखर घातलेलं पाणी द्या. आणि पावडरीचा डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा, नुसतं तोंडी सांगू नका.