बाल न्याय मंडळाला आईने थेट पत्र लिहावे का?

सातारची आई
नमस्कार. माझा मुलगा अकरावीत असून त्याचे वय 17 वर्षे आहे. क्लासबाहेर झालेल्या मारामारीत एका मुलाचे डोके फुटले आणि फिर्यादीत आमच्या मुलाचेही नाव आले. मंडळाने त्याला जामिनावर माझ्या ताब्यात दिले आहे. मागच्या तारखेला आम्ही सकाळी साडेदहापासून बाकावर बसून होतो. दुपारी पुकारा झाला, दोन मिनिटांत पुढची तारीख पडली आणि मला एक शब्दही बोलता आला नाही. म्हणून मी न्यायाधीश साहेबांच्या नावे चार पानी पत्र लिहिले आहे. त्यात घरची परिस्थिती, त्याचा अभ्यास आणि शेवटी ‘त्याच्या हातून चूक झाली, पदरात घ्यावे’ अशी विनंती आहे. ते स्पीड पोस्टाने पाठवावे की समक्ष द्यावे?

फौजदारी वकील
ताई, कृपया यांपैकी काहीही करू नका. मारहाण कोणी केली हे अजून सिद्ध व्हायचे आहे. ‘चूक झाली’ हे वाक्य आईच्या सहीने प्रकरणात दाखल झाले, तर तोच मुद्दा घरच्यांनी मान्य केल्यासारखा दिसेल. शिवाय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यामुळे जे सांगायचे ते एका व्यक्तीला खासगीत नव्हे, तर मंडळाच्या नावे अर्ज करून, वकिलामार्फत सांगावे. आपण गप्प बसावे असा मात्र याचा अर्थ नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक टप्प्यावर बालकाचा आणि पालकांचा सहभाग राहील हे पाहणे मंडळाचे कामच आहे, तेव्हा पुकारा झाल्यावर उभे राहून ‘मला दोन वाक्ये बोलायची आहेत’ असे नम्रपणे म्हणावे. वकील नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. बालकाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मुलाचे नाव इथे लिहिले नाहीत हे बरे केलेत, कारण त्याची ओळख उघड करण्यास कलम 74 ने मनाई आहे.

निवृत्त शिरस्तेदार
वकील साहेबांशी सहमत आहे. अर्जावर प्रकरण क्रमांक आणि पुढची तारीख ठळक लिहावी, अन्यथा कागद गठ्ठ्यात फिरत राहतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. परीक्षेच्या दिवशी तारीख येत असेल, तर वेळापत्रकाची प्रत जोडून आधीच हजेरी माफीचा अर्ज द्यावा; न कळवता गैरहजर राहणे सर्वांत महागात पडते. वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

यातून गेलेला एक बाप
तुमची चार पाने वाया जाणार नाहीत, ती योग्य माणसासमोर ठेवा. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपास अहवाल तयार करतात आणि घरची परिस्थिती मंडळापर्यंत मुख्यत्वे त्यातूनच पोहोचते. आमच्याकडे ते यायचे ठरल्यावर मी घर आवरले, पोहे करायला सांगितले आणि ‘मुलगा अगदी गरीब आहे हो’ एवढेच तीनदा म्हणालो. त्यांनी शांतपणे त्याची कॉलेजची हजेरी विचारली, आणि ती मला ठाऊक नव्हती! तेव्हा हजेरीचा दाखला, गुणपत्रिका, औषधोपचाराचे कागद असे जे असेल ते एका फाइलमध्ये लावा, तो संध्याकाळी कुठे असतो हे खरे सांगा आणि मुलाला स्वतःला बोलू द्या. समोरच्या कुटुंबाकडे मात्र परस्पर जाऊ नका. माझे मेहुणे ‘मिटवून टाकू’ म्हणून गेले आणि साक्षीदारांवर दबाव आणल्याचा आरोप आमच्यावर येता येता राहिला.

सातारची आई
आपणा सर्वांची आभारी आहे. पत्र पाठवत नाही. सोमवारी प्राधिकरणाच्या कार्यालयात जाते आणि तिथून कॉलेजमध्ये, कारण खरे सांगायचे तर हजेरी मलाही ठाऊक नाही.