एका सिमवर दोन एपीएन: आभासी इंटरफेस कोणी बनवायचे आणि आयपी कोणी लावायचा?

कळमना_पॅनेल:

मंडळी, पंधरा दिवसांपासून याच्यातच अडकून राहिलो आहे. कळमना मार्केटजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी तापमानाचे डबे बसवतो. आत लाल मिरचीची पोती आणि बाहेर मे महिन्याचं ४५ डिग्री ऊन. रात्री कॉम्प्रेसर बसला आणि निरोप गेला नाही, तर माल खराब होतो, आणि तो माल शेतकऱ्याचा असतो.

डब्यात लिनक्सचा छोटा बोर्ड आणि यूएसबीवर एलटीई मोडेम आहे, कर्नलमधल्या क्यूएमआय-डब्ल्यूवॅन (qmi_wwan) ड्रायव्हरवर चालणारा. सिम एकच, एपीएन (मोबाइल नेटवर्कमधून डेटा बाहेर जायचं दार) दोन: खासगी एपीएनवरून तापमान जातं, साध्यावरून फर्मवेअर उतरतं. म्हणून डब्ल्यूवॅन० वर, म्हणजे मोडेमच्या मूळ नेटवर्क इंटरफेसवर, दोन आभासी इंटरफेस हवेत.

ते आता आमची बूट स्क्रिप्ट बनवते: रॉ-आयपी (इथरनेटच्या वेष्टनाशिवाय नुसती आयपी पॅकेट) चालू करते, मग ड्रायव्हरच्या ॲड-मक्स फाइलमध्ये १ आणि २ लिहिते, एका आकड्याला एक इंटरफेस. त्यानंतर मोडेममॅनेजर (मोडेमशी बोलणारा प्रोग्रॅम) उठतो, मागून नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणारा). इंटरफेस दिसतात, पण डेटा कधी येतो, कधी नाही. मोडेम रीसेट झाला की दोन्ही गायब. तिघांपैकी हे काम नेमकं कोणाचं?

वर्धारोड_लिनक्स:

भाऊ, स्क्रिप्टकडून ते काम काढून घ्या. मक्सचा नंबर, म्हणजे एकाच वायरवरचे दोन प्रवाह वेगळे ओळखायचा आकडा, दोन ठिकाणी जुळावा लागतो. ॲड-मक्समध्ये १ लिहिलं की फक्त कर्नलला कळतं. मोडेमला ते वेगळं सांगावं लागतं, कंट्रोल पोर्टवरून (मोडेमला हुकूम द्यायचा वेगळा मार्ग): डेटाचा फॉरमॅट क्यूमॅप (पॅकेटवर मक्स नंबर टाकणारा) ठेव, आणि या एपीएनचं सेशन मक्स १ ला बांध. तुम्ही दारावर घर नंबर रंगवला, पोस्टमनला कोणी सांगितलंच नाही. सेशन मोडेममॅनेजर उघडतो, म्हणून लिंकही (तो आभासी इंटरफेस) त्यानेच बनवायची. १.१८ पासून (२०२१) त्याला ते येतं. दोन्ही बेअरर (एका एपीएनची जोडणी म्हणजे एक बेअरर) बनवताना मल्टिप्लेक्स 'रिक्वायर्ड' द्या. 'रिक्वेस्टेड' दिलं तर जमलं नाही तरी तो गुपचूप साध्या जोडणीवर जातो. आणि पहिला बेअरर साधा जोडला गेला, की दुसऱ्याला जागाच उरत नाही.

मात्र मोडेममॅनेजर इंटरफेसवर आयपी लावत नाही. नेटवर्कने दिलेला पत्ता, गेटवे, डीएनएस, एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) तो बेअररच्या माहितीत मांडून ठेवतो. ते उचलून लिंकवर लावणं, लिंक अप करणं, रूट टाकणं हे जोडणी सांभाळणाऱ्याचं काम.

काटोलचा_संत्रेवाला:

माझं मत वेगळं आहे. एवढ्याशा बोर्डावर दोन डेमन (मागे सतत चालणारे प्रोग्रॅम) कशाला? क्यूएमआयसीएलआयने (मोडेमला थेट हुकूम देणारी कमांड) फॉरमॅट, बांधणी, सेशन सगळं स्क्रिप्टमधूनच करा. माझा पंपावरचा डबा तसाच चालून राहिला आहे.

वर्धारोड_लिनक्स:

एकट्या स्क्रिप्टने पूर्ण जबाबदारी घेतली तर तेही चालतं, खरं आहे. पण मग मोडेममॅनेजर पूर्ण बंद हवा. एकाच कंट्रोल पोर्टवर दोघं हुकूम सोडायला लागले की कोणी कोणाचं सेशन तोडलं ते शोधण्यात रात्र जाते. आणि मोडेम रीसेट झाला की यूएसबीवर तो नव्याने दिसतो. जुना डब्ल्यूवॅन० जातो, त्याच्यावरच्या मक्स लिंकही जातात. बूटला एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टला ते कळतच नाही.

एक सांगायचं राहिलं. नेटवर्कमॅनेजर एका मोडेमवर एका वेळी एकच जोडणी धरतो. दोन एपीएनसाठी मोडेम त्याच्या ताब्यातून काढा, नाहीतर तो मध्ये हात घालेल.

कळमना_पॅनेल:

ताई, जमलं! बूट स्क्रिप्ट उडवली. मोडेम नेटवर्कमॅनेजरमध्ये अनमॅनेज्ड केला. एक लहान सर्व्हिस लिहिली: डी-बसवर (प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात ती वाहिनी) मोडेममॅनेजरचं ऐकते, मोडेम दिसला की दोन बेअरर मागते, जोडले गेले की त्यांच्या माहितीतून आयपी आणि एमटीयू लिंकवर लावते. डिफॉल्ट रूट फक्त साध्या एपीएनला, खासगीला फक्त सर्व्हरच्या पत्त्याचा रूट.

तरी एक दिवस गेला. पिंग छान, फर्मवेअर उतरवलं की अडकायचं आणि डब्ल्यूवॅन० च्या आरएक्स (येणाऱ्या डेटाच्या) एररचा आकडा वाढायचा. मोडेम अनेक पॅकेट एकत्र बांधून १६,३८४ बाइटपर्यंतचा गठ्ठा पाठवत होता, आणि या ड्रायव्हरमध्ये यूएसबीचा बफर मूळ इंटरफेसच्या एमटीयूवरून ठरतो. तो एमटीयू मोडेममॅनेजरच वाढवून ठेवतो. माझ्या सर्व्हिसमध्ये जुन्या स्क्रिप्टची एक ओळ राहून गेली होती, ती डब्ल्यूवॅन० ला परत १,५०० करत होती. ती काढली. आता मूळ इंटरफेसला मी हात लावत नाही, फक्त वरच्या दोन लिंक माझ्या.

काल दुपारी मोडेमची वायर तीनदा काढून लावली. तिन्ही वेळा दोन्ही लिंक परत आल्या. आता उरलेल्या सात डब्यांवर चढवायला निघालो आहे.