मदत हवी आहे : ब्रिटनमधील परिचारिका नोंदणी, ओईटी आणि ओस्की

नमस्कार. मी अतिदक्षता विभागात काम करणारी परिचारिका असून, ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी करण्यासाठी संगणकावरची सीबीटी ही परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत मात्र एकूण ७ गुण मिळूनही लेखनात आवश्यक ६.५ ऐवजी ६ च पडले. त्यामुळे आता ओईटी ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा द्यावी असे वाटते, कारण तिथे निबंधाऐवजी रुग्णाच्या टिपणांवरून रेफरल पत्र (रुग्णाला पुढील उपचारांसाठी दुसरीकडे पाठवण्याचे पत्र) लिहायचे असते आणि ते आपल्या रोजच्या कामाच्या जवळचे आहे. असा बदल कोणी केला असल्यास तयारीला किती काळ लागला?

दुसरी, आणि खरे तर मोठी, अडचण ओस्कीची, म्हणजे नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची आहे. तिच्या १० स्टेशनांपैकी (प्रत्येक स्टेशनवर एक वेगळे काम करून दाखवायचे असते) ४ मूल्यांकन, नियोजन, अंमलबजावणी आणि पुनर्मूल्यांकन यांची असतात. इंजेक्शन देणे हाताच्या सवयीचे असले, तरी रुग्णाची ओळख पटवत, ॲलर्जी विचारत, संमती घेत आणि प्रत्येक कृती मोठ्याने सांगत ते करताना मी अडखळते. एकटीने सराव कसा करावा? तसेच ओस्कीचा खर्च उचलणारा नियोक्ता आत्ताच शोधावा की इंग्रजीचा निकाल हाती आल्यावर, हेही अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.