पहिला गेमिंग पीसी: ‘पुढे अपग्रेड होईल’ म्हणून आजचे पैसे बोर्डात अडकवावेत का?

गोदाकाठ
पहिल्यांदाच पीसी जोडणाऱ्याने पुढच्या अपग्रेडचा विचार करून पार्ट घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. आज कोणते गेम खेळायचे, कोणत्या मॉनिटरवर खेळायचे, तेवढं ठरवावं आणि उरलेला सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा.

विषय निघाला तो माझ्या भाच्यामुळे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॉनिटर सोडून बजेट ८० हजार. खेळायचं काय, तर व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २ आणि सुट्टीत सायबरपंक. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्‌झचा घरात आहे. ज्याला विचारावं तो एकच यादी देतो: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम. एवढं घेतल्यावर कार्डासाठी जे उरतं त्यात ८ जीबी मेमरीचं सगळ्यात खालचं कार्ड येतं.

रॅमचं काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाने ग्राहकांना थेट मेमरी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम सुद्धा महागलीच आहे, पण एएम४ चा, म्हणजे एएमडीच्या जुन्या सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), प्रोसेसर आणि बोर्ड अजून आवाक्यात आहेत. माझी यादी अशी: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी कार्ड, १६ जीबीचं. ८ जीबीचं अजिबात नको. सायबरपंकसारख्या गेममध्ये टेक्स्चर आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) वाढवलं की ८ जीबी भरतात आणि चित्र अडखळायला लागतं. प्रोसेसर कितीही नवा असला तरी त्याने हे सुटत नाही.

पिंपरीचा_जोडारी
ताई, पूर्ण असहमत. एएम४ हेच तुमच्या मताविरुद्धचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. २०१७ मध्ये ज्याने रायझन ५ १६०० आणि साधा बी३५० बोर्ड घेतला, त्याने २०२२ मध्ये त्याच बोर्डावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ५८००एक्स३डी हा वेगवान प्रोसेसर बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि मशीन एकदम वेगळ्या वर्गातलं. हा फायदा त्याला मिळाला कारण त्याने सॉकेट नवं असताना घेतलं. आज तुम्ही मुलाला त्याच सॉकेटच्या शेवटच्या टोकाला उभं करताय. ५६०० च्या वर काय बसवणार? एक्स३डी चिप तिथे आता नव्या मिळणं अवघड झालंय. एएम५, म्हणजे ७६०० चं नवं सॉकेट, २०२२ मध्ये आलं आणि एएमडीने २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देऊ असं सांगितलंय.

दुसरं म्हणजे तुमचा भाचा खेळणार काय? व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक. हे दोन्ही गेम १०८०पी वर प्रोसेसरच्या जिवावर चालतात. कार्डाची किंमत दुप्पट केली तरी तिथे फ्रेम फारशा वाढत नाहीत. सुट्टीतल्या एका गेमसाठी तुम्ही रोजच्या दोन गेमकडे पाठ फिरवताय.

रॅम महाग आहे ना? मग आत्ता १६ जीबीची एकच स्टिक घ्या, भाव उतरले की दुसरी टाका.

गोदाकाठ
@पिंपरीचा_जोडारी, शेवटच्या सल्ल्याने तुम्ही स्वतःचाच मुद्दा खोडलात. एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता अर्धाच. त्याचा सगळ्यात जास्त मार बसतो तो प्रोसेसरवर चालणाऱ्या गेमनाच. म्हणजे ज्या दोन गेमसाठी महाग प्रोसेसर घ्यायचा, त्यांच्याच फ्रेम खाली आणायच्या. आणि भाव कधी उतरतील हे कुणाच्या हातात आहे?

मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा आहे. म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवतो. ५६०० वर व्हॅलोरंट त्याच्या कितीतरी वर चालतो. पडदा जेवढ्या फ्रेम दाखवू शकतो त्यापलीकडच्या फ्रेमसाठी पहिल्याच मशीनमध्ये पैसे मोजावेत, हे मला पटत नाही.

पिंपरीचा_जोडारी
सिंगल चॅनलचा तोटा तात्पुरता आहे, सॉकेटचा तोटा कायमचा. सरासरी फ्रेम बघून काउंटर स्ट्राइकचा हिशोब करू नका. स्मोक (धुराचा बॉम्ब) पडला, चार जण एका साइटवर घुसले की फ्रेम कुठे जाते ते बघा. नेमक्या त्याच क्षणी ५६०० आणि ७६०० मधला फरक हाताला कळतो. जो रोज रँक्ड खेळतो त्याला विचारा.

चांद्याकडचा
दोघंही प्रोसेसर-कार्डावर भांडून राहिले, आणि दोघांच्याही यादीत एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, नाही. ताईंनी एसएसडीपर्यंत सगळं लिहिलं, पण ज्याच्यावर हे सगळं चालणार त्याचं नाव नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दिवसातून लाइट जाते-येते, व्होल्टेज नाचते. माझ्या मते पहिल्या मशीनमध्ये सगळ्यात आधी ठरवायचा पार्ट हाच आहे.

दुकानात कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस येतो त्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं असतं. ते वाचू नका. बाजूच्या स्टिकरवर +१२व्ही चा रकाना असतो, तो वाचा. तिथे १८ए (अँपिअर) असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जगतात ते याच १२ व्होल्टवर. ७६०० असो की ५६००, दोन्ही ६५ वॅटच्या वर्गातले. त्यावर दीडशे वॅटच्या आसपासचं कार्ड, पंखे, ड्राइव्ह, आणि कार्ड क्षणभरासाठी जो झटका घेते तो. २१६ वॅटमध्ये हे बसत नाही. बऱ्या कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा घ्या, ज्याच्या +१२व्ही वर जवळपास पूर्ण वॅट मिळतात. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतलं संरक्षण कसं आहे हे त्यावरून कळत नाही, म्हणून फक्त शिक्का बघून घेऊ नका.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लागला आणि बारीक मुंग्या आल्या तर समजा भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या तिसऱ्या पिनमागे काहीच नाही. जुन्या घरात, भाड्याच्या खोलीत हे सर्रास असते. ४० हजाराचं कार्ड आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घ्या.

यूपीएस पण हिशोबात धरा. ६०० व्हीएच्या बहुतेक यूपीएसवर ३६० वॅटच लिहिलेले असतात, आणि गेम चालू असताना मशीन अधिक मॉनिटर त्याच्या अगदी जवळ जाते. निदान १००० व्हीएचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो यूपीएस मोडवर आहे ना हे बघा, नाहीतर लाइट गेली की मशीन बंद पडलंच समजा.

कृष्णाकाठचा_पोरगा
काका, सगळं बरोबर, पण ८० हजारात चांगला एसएमपीएस आणि मोठा यूपीएस घेतला तर गेमिंगसाठी काय उरतं? हॉस्टेलला राहणारी पोरं यूपीएस घेत नाहीत आणि त्यांची मशिनं चालतातच की. मी सेकंडहँड कार्ड सुचवेन. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. जुन्या बाजारात भरपूर आहेत. वाचलेल्या पैशात एएम५ पण बसतं. दोघांचंही भांडण मिटलं.

लॅमिंग्टन_रोड
मी याच धंद्यात आहे, म्हणून सेकंडहँडबद्दल स्पष्ट लिहितो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून चलन मिळवणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातली बरीच ३०६० च होती. सगळीच खराब असतात असं नाही. पण पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याला मेमरी जास्त तापतेय की पंख्याचं बेअरिंग गेलंय, हे ओळखता येत नाही. ज्याला येतं त्याने खुशाल घ्यावं. या मुलासाठी माझं उत्तर नाही असंच आहे.

आणि नवं घेताना ‘बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के जीएसटी वाचेल’ असं कुणी म्हटलं तर उठून पुढच्या दुकानात जा. कार्डाला तीन वर्षं वॉरंटी असते, पण सर्व्हिस सेंटरला सिरीयल नंबर लिहिलेलं बिल लागतं. बॉक्सवरचा नंबर, कार्डाच्या मागचा नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही काउंटरवरच जुळवून घ्या. रोज गिऱ्हाइकं येतात, बिल नसतं आणि आम्हाला हात वर करावे लागतात. वाईट वाटतं, पण इलाज नसतो.

मूळ वादात मी ताईंच्या बाजूने आहे. इतकी वर्षं मशिनं जोडतोय, बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलायला परत येणारे फार थोडे. बहुतेक जण कार्ड बदलतात, रॅम वाढवतात, आणि मग पूर्ण मशीनच विकून टाकतात.

पिंपरीचा_जोडारी
@लॅमिंग्टन_रोड, प्रोसेसर बदलणारे थोडे, कारण इंटेलने कित्येक वर्षं एक-दोन पिढ्यांतच सॉकेट बदलून लोकांना ती सवयच लागू दिली नाही. एएम४ वाल्यांनी बदललेत, मी स्वतः बदलून दिलेत.

बजेट खरंच आडवं येत असेल तर आणखी एक वाट आहे. रायझन ५ ८६००जी घ्या, कार्ड आत्ता घेऊच नका. त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट १०८०पी वर आरामात चालतो. सहा महिन्यांनी पैसे जमले की मनासारखं कार्ड टाका.

गोदाकाठ
आणि सायबरपंक? शिवाय ८६००जी कार्डाला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या रस्त्याच्या, फक्त आठ लेन देतो. ९०६० एक्सटी सोळा लेनचं कार्ड आहे. म्हणजे पुढच्या अपग्रेडसाठी म्हणून घेतलेला चिप नेमका अपग्रेडच्याच वेळी हात आखडता घेणार. आतल्या ग्राफिक्सला मेमरीही रॅममधूनच द्यावी लागते, आणि रॅमच तर महाग आहे.

@चांद्याकडचा, भाऊ, एसएमपीएस ६५० वॅटचा धरला आहे, यादीत लिहायचा राहिला. यूपीएस तुमचं वाचून वाढवते. पण त्याचे पैसे मी बोर्डातूनच काढणार, कार्डातून नाही.

दुसऱ्या_वर्षाचा
मीच तो भाचा. मावशी, एक गोष्ट कुणी विचारलीच नाही म्हणून सांगतो. मला ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) पण शिकायचंय. कॉलेजच्या क्लबमध्ये सीनियर म्हणतात की रेंडरसाठी एनव्हिडियाच घे. मग ९०६० एक्सटी चालेल का?

पिंपरीचा_जोडारी
चालेल, पण सीनियर बरोबर सांगतायत. ब्लेंडरचं सायकल्स रेंडर एएमडीवर हिपमधून चालतं, एनव्हिडियावर ऑप्टिक्समधून (कार्डाकडून काम करून घेणारी ही त्या त्या कंपनीची सॉफ्टवेअर), आणि ऑप्टिक्स बरंच पुढे आहे. तुझ्यासाठी आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी. तो ९०६० एक्सटीपेक्षा महाग पडतो. तेव्हा, नाइलाजाने सांगतो, या बजेटमध्ये तो बसवायचा तर एएम४ च घ्यावं लागेल. रेंडर आणि गेम दोन्ही करणाऱ्याला १६ जीबीचं कार्ड सोडून नवं सॉकेट घे असं मी म्हणणार नाही. फक्त गेम खेळणाऱ्यासाठी मात्र माझं मत तेच राहील.

गोदाकाठ
मग ५०६० टीआय. बोर्ड बी५५० च ठेव, दोन पैसे वाचतात म्हणून ए५२० वर जाऊ नकोस. ५०६० टीआय आठच लेन वापरतो, आणि ए५२० वर त्या पीसीआयई ३ च्या वेगाने चालतील. बी५५० वर ४ चा वेग मिळतो. ब्लेंडर करणार असशील तर चार स्लॉटचा बोर्ड बघ, म्हणजे रॅम पुढे ३२ जीबी करता येईल.

चांद्याकडचा
बाळा, जोडताना रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये टाक. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच चालत राहील. मॉनिटरची केबल बोर्डाला नको, कार्डाला लाव. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, बोर्डाला लावलीस तर पडदा काळाच दिसेल आणि पार्ट खराब निघाला म्हणून उगाच घाबरशील. विंडोज टाकून झाल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० चं १४४ कर. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावू नको.