मदत हवी आहे : संक्रांतीच्या सुट्टीत सोलापुरात निवांत एक दिवस

संक्रांतीच्या सुट्टीत गुडघेदुखी असलेल्या आईला सोलापूर सावकाश दाखवायचे आहे. सकाळी भुईकोट किल्ला, मग तलावातले सिद्धेश्वर मंदिर आणि उतरत्या उन्हात इंद्रभुवनची नक्षीदार इमारत, असा क्रम नकाशा पाहून ठरवला आहे. परंतु संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मंदिराकडे रिक्षा कुठवर जाऊ देतात, याबद्दल दोघा-तिघा रिक्षावाल्यांनी वेगवेगळे सांगितले. जेवण शाकाहारीच हवे : कडक भाकरी, शेंगांची पातळ भाजी आणि उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी. आईला मांडी घालता येत नाही, त्यामुळे टेबल-खुर्ची आवश्यक आहे. खर्चाची अडचण नाही. त्या दिवशी मंदिराच्या सर्वांत जवळ रिक्षा कोठे थांबते आणि तिथून थोड्याच अंतरावर अशी खानावळ कोणती आहे?