पार्किन्सन्स: गोळी चालू असतानाही आईचे पाय उंबरठ्यावर खिळतात, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. आईचं वय ७१, पार्किन्सन्सला सहा वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची ११०ची गोळी दिवसातून चारदा: ७, ११, ३ आणि ७.

आधी गोळी घेतली की देवळापर्यंत एकटी जाऊन यायची. आता सकाळची गोळी लागायला पाऊण तास जातो आणि दहाची पेज होईस्तोवर उतरायलाही लागते. तीनची तर कधी कधी लागायचीच नाही. माशातली प्रथिनं या औषधाची वाट अडवतात असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून हुमण रात्रीवर नेलं. दुपारी भात, भाजी, सोलकढी. फरक पडला, पण दुपारचं ताट बघून ती गप्प होते, ते बघवत नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. गोळी पूर्ण लागलेली असते, अंगणात नीट चालते, आणि न्हाणीच्या उंबरठ्याशी आली की पाय खिळतात. टाचा उचललेल्या, बोटं जागच्या जागी थरथरतात, अंग मात्र पुढे जातं. परवा पडता पडता वाचली. उंबरठ्याआधी लादीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात. रांगोळी ओलांडावी तशी एकेक ओलांडते, पण घाईत असली की नाही जमत. हात धरून ओढलं तर अजूनच घट्ट होते.

औषध उतरल्यावर पाय अडकत असतील तर वेळा-डोस बदलून फायदा होतो, पण औषध चालू असताना अडकत असतील तर डोस वाढवून उपयोग होईलच असं नाही, हे आता कळलंय. तुमच्याकडे असं कोणाचं झालंय का? डॉक्टरांनी काय बदललं? फिजिओथेरपीत नेमकं काय करून घेतलं?

एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहिते. गेल्या पावसाळ्यात चक्कर येते म्हणून एका दवाखान्यात तिला सिनारिझिन दिलं. महिन्याभरात भिंत धरून चालायला लागली. आम्ही समजलो, आजार वाढला. पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामाइन आधीच कमी पडतं, आणि ते औषध डोपामाइनचंच काम अडवतं, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही तसंच. बंद केल्यावर सावरायला दोन महिने गेले. चक्कर खरं म्हणजे उठताना बीपी उतरल्यामुळे येत होती.

सोमवारी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवायचं आहे. गोळीच्या आणि अडकण्याच्या वेळा वहीत लिहितेय. आणखी काय टिपून न्यावं?